विजेला दाद न देणारे स्फटिक आणि त्यांच्यातली अब्जांश भेसळ

(मुळशी तालुक्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

बाहेर पाऊस असा कोसळतोय, तरी तुम्ही आलात. पत्रिकेवर विषय वाचून दोघांनी मला फोन केला होता. एकाने विचारलं, "हे रत्नशास्त्र आहे का?" दुसऱ्याने विचारलं, "शाळेतली मुलं आणली तर चालतील का?" दुसऱ्याला मी हो म्हणालो. पहिल्याला म्हणालो, रत्नशास्त्र नाही, पण रत्नाचा सख्खा भाऊ आहे.

मुळशीत विजेबद्दल बोलायचं म्हणजे जरा जपूनच बोलावं लागतं. टाटांच्या धरणासाठी इथली भातशेती पाण्याखाली गेली, १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, आणि इथलं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला गेलं, तिथून वीज मुंबईला. तो इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. आज मी ज्या वस्तूंबद्दल बोलणार आहे त्यांना विजेशी काही देणंघेणंच नाही. त्या वीज वाहूच देत नाहीत, आणि आमची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

आधी गरज काय ते सांगतो. काही स्फटिक माणूस मुद्दाम वाढवतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यावरची काच पुष्कळदा कृत्रिम नीलमाची असते, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एकसंध स्फटिक. एलईडी दिव्यांची चिप बहुतेक वेळा नीलमाच्याच चकतीवर वाढवलेली असते. दवाखान्यात गॅमा कॅमेरा असतो, त्यात सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक असतो. शरीरातून आलेला गॅमा किरण त्यावर आदळला की तो मिणकतो, आणि ते मिणकणं मोजून चित्र तयार होतं. हा स्फटिक नुसता शुद्ध असून चालत नाही. त्यात थोडं थॅलियम मुद्दाम घालावं लागतं. हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये ते दाखवून दिलं. आपल्याकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात असे स्फटिक वाढवले जातात. सोडियम आयोडाइड, सीझियम आयोडाइड, आणि अलीकडे गॅडोलिनियम-गॅलियम-ॲल्युमिनियमचा सिरियम घातलेला गार्नेट. तेव्हा हा विषय परदेशातला नाही, घाटापलीकडचाच आहे.

आता भेसळ किती चालते? इथे आपण आंबेमोहोराचा हिशोब करू. एका किलोत साधारण लाखभर दाणे धरा. दहा किलोत एक दाणा काळा निघाला तर ते झालं दशलक्षांत एक. मग अब्जांत एक म्हणजे? दहा टन तांदूळ, शंभर क्विंटल, अख्खा ट्रक, आणि त्यात एक काळा दाणा. आमचं यंत्र तो एक दाणा शोधतं. नुसता "आहे" म्हणत नाही, कोणत्या जातीचा आहे तेही सांगतं.

एवढं बारीक कशाला पाहायचं, असं कुणी विचारेल. सोडियम आयोडाइडचंच घ्या. त्यात पोटॅशियम थोडं तरी येतंच, कारण सोडियम आणि पोटॅशियम एकाच घरातले. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के भाग किरणोत्सर्गी असतो, पोटॅशियम-४०. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण ३१ विघटनं होतात. म्हणजे एका किलोच्या स्फटिकात दशलक्षांत एक भाग पोटॅशियम असेल तर दिवसाला अडीच हजारांहून जास्त. दवाखान्याला त्याने काही फरक पडत नाही. पण जे लोक खाणीच्या पोटात स्फटिक ठेवून वर्षानुवर्षं कृष्णद्रव्याच्या एखाद्या टिचकीची वाट बघतात, त्यांच्या दृष्टीने हा बाजारातला गोंगाट झाला. झारखंडमध्ये जादूगोड्याच्या खाणीत ५५५ मीटर खोल अशी प्रयोगशाळा आहे. डोक्यावर अर्धा किलोमीटर खडक घ्यायचा, आणि आवाज मात्र स्फटिकाच्या आतूनच यायचा! म्हणून आधी मोजणं आलं.

आता यंत्राकडे येऊ. तुमच्या प्रत्येकाच्या घरात एक ग्लो डिस्चार्ज आहे. वायरमनचा टेस्टर. पेचकसासारखा, मुठीत लाल दिवा लागतो तो. त्या छोट्या नळीत कमी दाबाचा निऑन असतो आणि दोन तारा. त्यांच्यात पुरेसा दाब आला की वायू पेटतो, म्हणजे जळत नाही, उजळतो. आमच्या यंत्रात निऑनऐवजी आर्गॉन, हवेच्या दाबाच्या साधारण हजारावा हिस्सा, आणि हजार व्होल्टच्या आसपास दाब. आर्गॉनच्या अणूंचे इलेक्ट्रॉन निघतात, ते धनभारित होतात. समोर ऋण टोक असतं, म्हणजे कॅथोड. हे आर्गॉन आयन त्यावर धावत जाऊन आपटतात. कॅथोड म्हणून आम्ही लावलेला असतो आमचा नमुनाच. आपटलं की नमुन्याचे अणू उडतात. कॅरमच्या सोंगट्या फोडताना होतं ना, तसं. जुन्या ट्यूबलाइटची टोकं काळी पडलेली पाहिली असतील. तिथे टोकाच्या तारेवरचा माल असाच झडून काचेवर बसलेला असतो. ट्यूबलाइटमध्ये तो दोष, आमच्याकडे तोच धंदा.

उडालेले अणू त्या उजळलेल्या वायूत शिरतात. तिथे त्यांचाही एखादा इलेक्ट्रॉन निघतो. काही इलेक्ट्रॉनच्या धडकेने, पण बरेचसे उत्तेजित आर्गॉनमुळे. हा उत्तेजित आर्गॉन साधारण साडेअकरा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा धरून हिंडत असतो, आणि आवर्तसारणीतल्या बहुतेक मूलद्रव्यांचा इलेक्ट्रॉन काढायला त्यापेक्षा कमी ऊर्जा पुरते. म्हणून लोखंड असो, शिसं असो, युरेनियम असो, सगळ्यांना जवळपास सारखा न्याय मिळतो. फ्लोरिन, ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरिन यांना मिळत नाही, ते त्या साडेअकराच्या वर आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग हे आयन ओढून घ्यायचे, वेग द्यायचा, आणि चुंबकातून वळवायचे. हलके जास्त वळतात, जड कमी. ताम्हिणीच्या वळणावर रिकामी मोटारसायकल आणि उसाने भरलेला ट्रक एकाच वेगाने आले तर काय होईल, तसं. पलीकडे मोजणारा बसलेला असतो. ही युक्ती जुनी आहे. जे. जे. थॉमसन यांना १९१३ च्या सुमारास निऑनचे दोन प्रकारचे अणू दिसले ते अशाच उजळलेल्या नळीतून, आणि ॲस्टन यांनी १९१९ मध्ये पहिलं चांगलं यंत्र बांधलं. पुढे दुसऱ्या पद्धती आल्या, ही मागे पडली, आणि १९८० च्या दशकात ती परत आली ती धातूंची शुद्धता मोजायला. चिपसाठी लागणारं तांबं, ॲल्युमिनियम, टायटॅनियम यांच्यासाठी ती आजही पहिल्या पसंतीची. आपल्या देशात हैदराबादला भाभा केंद्राचंच जे पदार्थ-संघटना मोजणारं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथे या पद्धतीवर बरंच काम झालेलं आहे.

धातूचं सोपं असतं. धातू वीज वाहतो, आयन येऊन आपटला की त्याचा धनभार तारेतून निघून जातो. स्फटिकाचं काय होतं? पहिले काही आयन आपटतात. त्यांचा भार जायला रस्ताच नाही. तो पृष्ठभागावर साचतो. क्षणार्धात तिथे इतका धनभार होतो की पुढच्या आयनांना तो ढकलून देतो. दिवा विझला. एसटीचा दरवाजा पाहा, पहिले चार जण चढतात आणि दारातच उभे राहतात, आत जात नाहीत. मग पाचवा चढणार कसा?

इथे लोक विचारतात, मग एवढा अट्टहास का? ॲसिडमध्ये विरघळवा आणि द्रावण मोजा, त्याची यंत्रं गावोगाव आहेत. बरोबर आहे. सोडियम आयोडाइड पाण्यातच विरघळतं, त्याला तेच करावं. पण नीलम घ्या. साध्या ॲसिडला तो भीक घालत नाही. दाबाखाली तापवावं लागतं नाही तर एखाद्या क्षाराबरोबर वितळवावं लागतं. त्या क्षारात, त्या भांड्यात, त्या ॲसिडमध्ये स्वतःची भेसळ असते, आणि वर हजारपट पातळ करावं लागतं. ट्रकभर तांदळातला एक दाणा शोधायचा, आणि त्यासाठी आधी त्यात आणखी हजार ट्रक दुसऱ्या गिरणीचा तांदूळ ओतायचा. म्हणून घन तसाच मोजता आला तर हवा.

यावर तीन-चार मार्ग निघाले. पहिला मार्ग सगळ्यात जुना आणि वरवर सगळ्यात सोपा. स्फटिक कुटायचा, त्यात वीज वाहणारी भुकटी मिसळायची, चांदी, तांबं किंवा ग्राफाइट, आणि दाबून वडी करायची. वडी वीज वाहते, काम झालं. हा मार्ग मी खूप वर्षं वापरला आणि त्यानेच मला एकदा तोंडावर पाडलं. ते जरा सविस्तर सांगतो.

एका कारखान्यातून आमच्याकडे नीलमाचे तुकडे आले. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. स्फटिकाला किंचित तपकिरी झाक येत होती आणि गिऱ्हाईक माल परत पाठवत होतं. आम्ही तुकडा कुटला, चौपट वजनाची चांदीची भुकटी मिसळली, वडी केली, मोजलं. तांबं आलं, दशलक्षांत आठ भाग. नीलमाच्या मानाने हे फार झालं. अहवाल गेला. त्यांनी भट्टी तपासली. विजेची जोडणी तांब्याची होती, आणि ती बदलण्याचं काम भट्टीवरच्या एका मुलाने थोडे दिवस आधी केलं होतं. झालं! त्याला भट्टीवरून काढून पॅकिंगला बसवलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दीड-दोन महिन्यांनी तोच मुलगा नवे तुकडे घेऊन आमच्या दारात आला आणि म्हणाला, "सर, जोडणी बदलली, भट्टी धुतली, तरी झाक तशीच आहे. तुम्ही परत बघाल का?" भांडायला आला नव्हता. बस बदलून बदलून आला होता, पावसात, आणि तुकडे प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेले होते.

आम्ही परत पाहिलं. नव्या तुकड्यांतही तांबं आठच. हे जरा विचित्र होतं. वेगळी भट्टी-फेरी, बदललेली जोडणी, आणि आकडा तोच? भेसळ इतकी शिस्तीत येत नाही. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. नुसत्या चांदीची वडी केली आणि मोजली. चांदीत तांबं होतं, दशलक्षांत दोन भाग. चांदी चौपट घातलेली, म्हणजे स्फटिकाच्या हिशोबात दोन चोक आठ. बाटली नवीन उघडलेली होती आणि आम्ही वजाबाकीला जुन्या बाटलीचा आकडा वापरत होतो. बाटलीवर शुद्धता लिहिलेली होती ९९.९९९ टक्के. तेही खोटं नव्हतं. पाच नऊ म्हणजे एकूण भेसळ दशलक्षांत दहापर्यंत चालते, त्यातले दोन तांब्याचे. कुणी फसवलं नव्हतं. आम्ही आळस केला होता.

आणि तो एकच धोका नाही. स्फटिक कुटता कशात? नीलम म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण. अकीकाच्या खलात घातला तर खलच झिजतो आणि सिलिकॉन मिसळतं. टंगस्टन कार्बाइडच्या खलात टंगस्टन आणि कोबाल्ट येतं. भुकटी केली की पृष्ठभाग प्रचंड वाढतो, त्यावर हवा बसते, आणि मुळशीच्या पावसाळ्यात पाणी तर बसतंच. हे पाणी, ही हवा पुढे यंत्रात सुटत राहते आणि उजेड स्थिर राहू देत नाही.

याच मार्गाची एक पोटजात आहे, इंडियमची. इंडियम हा धातू नखाने ओरखडा निघेल इतका मऊ. अतिशुद्ध मिळतो. त्याच्या चकतीत स्फटिकाचे कण नुसते दाबून बसवायचे. मिसळणं कमी होतं. पण तो १५६ अंशांच्या पुढे वितळतो, त्यामुळे नमुना थंड ठेवावा लागतो.

दुसरा मार्ग मला फार आवडतो. स्फटिक कुटायचाच नाही. सपाट चकती घ्यायची आणि तिच्यावर टँटलमच्या पातळ पत्र्याचा मुखवटा ठेवायचा, मध्ये काही मिलिमीटरचं भोक. वीज जाते मुखवट्याला. आर्गॉन आयन आधी टँटलमवर आपटतात, टँटलमचे अणू उडतात, आणि त्यातले काही परत फिरून भोकातून दिसणाऱ्या स्फटिकावर बसतात. स्फटिकावर धातूचा अतिशय तलम पापुद्रा तयार होतो. पापुद्रा वीज वाहतो! मग आयन तिथेही आपटायला लागतात, आणि पापुद्रा इतका पातळ की त्याच्यातून खालच्या स्फटिकाचे अणूही उडतात. पापुद्रा झिजत असतो आणि बसत असतो, दोन्ही एकाच वेळी. घावन घालताना तव्यावर तेलाचा बोळा फिरवतात तसं समजा. तेल कमी पडलं तर चिकटतं, जास्त झालं तर घावन तेलातच तरंगतं. भोक मोठं झालं तर मधल्या भागापर्यंत पापुद्रा पोचत नाही आणि भार साचतो. भोक लहान झालं तर सगळं टँटलमच दिसतं, स्फटिकाचा आवाज दबून जातो. भोकाचा व्यास, पत्र्याची जाडी, आर्गॉनचा दाब, प्रवाह, या चौघांचं जुळवावं लागतं, आणि एका स्फटिकावर जुळलेलं दुसऱ्यावर जुळेलच असं नाही. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या यंत्र बनवणाऱ्यांनी आणि बेल्जियममध्ये अँटवर्पच्या विद्यापीठाने काचेवर आणि सिरॅमिकवर हे नीट करून दाखवलं.

टँटलमच का? एक तर ते खूप शुद्ध मिळतं. दुसरं, त्याचे जवळपास सगळे अणू एकाच वजनाचे, १८१, त्यामुळे आलेखात ते एकाच जागी उभं राहतं, गर्दी करत नाही. तिसरं, ते ऑक्सिजन आणि उरलासुरला ओलावा गिळतं. पण गिळलेलं ते परत दाखवतंही. टँटलम १८१ आणि ऑक्सिजन १६ मिळून १९७. सोन्याचं वजन किती? १९७. म्हणजे टँटलमचा मुखवटा लावलात तर सोनं विसरा. दोघांच्या नेमक्या वजनात फरक आहे, पण तो वेगळा करायला यंत्राची विभेदनक्षमता आठ हजारांच्या वर हवी, आणि ज्या यंत्रांवर ही पद्धत रुजली ती चार हजारांच्या आसपास चालवली जायची. तसंच टँटलम आणि नायट्रोजन मिळून १९५, तिथे प्लॅटिनम बसतं. आता गंमत बघा. काही स्फटिक प्लॅटिनमच्या मुशीत वाढवतात. मुशीतलं प्लॅटिनम स्फटिकात उतरलं का, हेच तर मालकाला हवं असतं! सुदैवाने प्लॅटिनमचे आणखी समस्थानिक आहेत, दुसरीकडून बघता येतं. सोन्याला एकच आहे. त्याला दुसरं दार नाही.

अशी तोतयेगिरी आर्गॉनही करतो. आर्गॉन ४० आणि ऑक्सिजन १६ मिळून ५६, तिथे लोखंड. हा फरक अडीच हजारांच्या विभेदनाने सुटतो, मोठं चुंबकाचं यंत्र असेल तर काही अडत नाही. साध्या क्वाड्रुपोल यंत्राला मात्र ते दोन्ही एकच दिसतात. कॅल्शियम-४० आणि आर्गॉन-४० यांना कुणीच वेगळं करत नाही, त्यासाठी दोन लाखांची विभेदनक्षमता लागेल. म्हणून कॅल्शियम-४४ बघायचं. मघाच्या पोटॅशियमचं तर फारच अवघड. ३९ वर पोटॅशियम, आणि तिथेच आर्गॉन-३८ ला हायड्रोजन चिकटून बसतो. पाच-सहा हजारांचं विभेदन हवं. तेव्हा सोडियम आयोडाइडमधलं पोटॅशियम मोजायला ही पद्धत पहिली निवड नाही, हे मी माझ्याच लाडक्या यंत्राबद्दल सांगतोय. हे सगळं ऑक्सिजन आणि हायड्रोजन येतं कुठून? पुष्कळसं ओल्या नमुन्यातून. म्हणून आम्ही नमुना सुकवण्यावर इतका जीव टाकतो.

तिसरा मार्ग थोडक्यात सांगतो, कारण तो सांगायला सोपा आणि करायला महाग. सरळ वीज देऊच नका, उलटसुलट द्या, सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा. एका अर्ध्या फेरीत धनभार साचला की दुसऱ्या अर्ध्या फेरीत इलेक्ट्रॉन येऊन तो पुसतात. इलेक्ट्रॉन हलके, चपळ, ते जरा जास्तच येतात, त्यामुळे पृष्ठभाग सरासरीने ऋण राहतो आणि आयन आपटत राहतात. १९८९ मध्ये अमेरिकेत डकवर्थ आणि मार्कस यांनी हे मास स्पेक्ट्रोमीटरला जोडून दाखवलं. मुखवटा नको, चांदी नको. पण चकती जाड असेल तर बराचसा दाब तिच्यातच खर्च होतो, आणि अशी यंत्रं बाजारात थोडी.

परत त्या मुलाच्या तुकड्यांकडे येतो. आम्ही अखंड चकती घेतली, ॲसिडने धुतली, टँटलमचा मुखवटा लावला, आणि वरचा थर झडून जाईपर्यंत यंत्र नुसतं चालू ठेवलं, आकडे न घेता. मग मोजलं. तांबं दिसेना. लोखंड, क्रोमियम, टायटॅनियम, कुणीच झाक आणण्याइतकं नव्हतं. मग झाक कशाची? इथे मघाचं वाक्य आठवा, ऑक्सिजनला या यंत्रात न्याय मिळत नाही. आणि मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन आहेच, तो किंचित कमी असेल तर ते आमच्या आकड्यांत कुठे दिसणार! आम्ही एक तुकडा हवेत बराच वेळ भाजला. झाक फिकट झाली. भट्टीतल्या वातावरणात ऑक्सिजन कमी पडत होता आणि स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहत होत्या. भेसळ नव्हतीच. जे नाही ते रंग देत होतं, आणि आमचं यंत्र जे आहे तेच मोजतं.

सुधारित अहवाल मी स्वतः लिहिला, आधीचा आकडा आमच्या चांदीतला होता असं स्पष्ट लिहून. आमच्याकडे काहींना ते पसंत नव्हतं, "पद्धतीतील बदलामुळे" असं लिहा म्हणाले. मी तसं लिहिलं नाही. मुलगा परत भट्टीवर गेला असं नंतर कळलं, पण मध्ये त्याचे चार महिने गेले.

प्रश्न : सर, अहवालावर "९९.९९९" लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवायचा का?

उत्तर : ठेवा, पण शेजारची बारीक अक्षरं वाचून. पुष्कळदा तिथे "धात्विक अशुद्धी वगळता" असा काहीतरी हिशोब असतो, म्हणजे शंभरातून फक्त मोजलेल्या धातूंची भेसळ वजा केलेली असते. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन धरलेलेच नसतात. जे मोजलं नाही ते शून्य धरलेलं असतं! दुसरं म्हणजे आकड्याची अचूकता. यंत्र आयन मोजतं, आणि त्यावरून प्रमाण काढायला प्रत्येक मूलद्रव्याचा एक गुणक लागतो. धातूंसाठी प्रमाणित नमुने मिळतात, गुणक चांगले बसवता येतात. स्फटिकांसाठी असे नमुने फारसे नाहीत. मग धातूंवरून काढलेले सर्वसाधारण गुणक वापरतात, आणि उत्तर दुप्पट किंवा निम्मं चुकू शकतं. दशलक्षांत एक आलं तर ते अर्धा ते दोन समजा. भेसळ दहापट वाढली का, हे कळायला तेवढं पुरतं. दोन दुकानदारांमध्ये १.१ की १.३ असा वाद असेल तर नाही पुरत. पैसे असतील तर तोच पदार्थ भुकटीच्या रूपात घ्यावा, त्यात माहीत असलेली भेसळ घालावी आणि स्वतःचे गुणक काढावेत.

प्रश्न : स्फटिकाचा कोणता तुकडा पाठवायचा, ते ठरलेलं असतं का?

उत्तर : हा प्रश्न ज्या ताईंनी विचारला त्यांनी बहुतेक हे काम जवळून बघितलंय. एक तुकडा कधीच पाठवू नका. वितळलेल्या द्रवातून स्फटिक वाढतो तेव्हा बऱ्याचशा अशुद्धींना स्फटिकात शिरायला आवडत नाही, त्या द्रवातच मागे राहतात. द्रव कमी होत जातो तशी त्यातली भेसळ घट्ट होत जाते. म्हणून सुरुवातीचं टोक स्वच्छ आणि शेवटचं घाण. सोडियम आयोडाइडमध्ये मुद्दाम घातलेलं थॅलियमसुद्धा असंच एका टोकाला वाढत जातं. विकणारा वरचा तुकडा पाठवतो, यात आश्चर्य काय! निदान दोन तुकडे मागा, पहिल्या टोकाचा आणि शेवटच्या. आणि चकती कापताना कोणती कानस, कोणतं ब्लेड, कोणतं पॉलिश वापरलं ते लिहून पाठवा.

प्रश्न : आमच्या इथे खाणीत, विहीर खोदताना, बेसॉल्टच्या पोकळीत पांढरे-हिरवे स्फटिक मिळतात. ते यात घालून बघता येतील का?

उत्तर : तू कितवीत आहेस? आठवीत. छान. तुला जे मिळतं ते झिओलाइट गटातलं असेल, स्टिलबाइट वगैरे, नाही तर त्याच्या सोबत सापडणारं अपोफिलाइट. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट तर जगभरचे संग्राहक शोधत असतात, त्याचा निळा रंग व्हॅनेडियमचा. पण या सगळ्यांच्या रचनेत पाणी असतं. ओलावा नव्हे, स्फटिकाच्या बांधणीतलंच पाणी. निर्वात पोकळीत ठेवून त्यावर आयन आपटायला लागलो की ते पाणी सुटायला लागेल. उजेड डचमळेल, आर्गॉनला हायड्रोजन चिकटेल, टँटलम ऑक्सिजन गिळत बसेल, आणि आलेखात निम्मे तोतये उभे राहतील. त्याला आधी तापवून पाणी काढलं तर स्फटिक भुसभुशीत होईल. तुझ्या स्फटिकाला हे यंत्र नको. त्याला क्ष-किरणाचं यंत्र दे, ते त्याला हातही न लावता सांगेल तो कोण आहे. आणि सापडलेली जागा वहीत लिहून ठेव, कुठल्या गावची खाण, किती खोल. लेबल नसलेला स्फटिक माझ्याकडे कपाटभर पडलाय, त्याचं मला आता काहीच करता येत नाही.